कात्रपहून केलेली एका जर्मन गावाची चौकशी

आमच्याकडे मुलगी द्यायची म्हटलं की आधी गावाची चौकशी होते, मग मुलाची. मुलाचं काय, पाहुणे आले की तो इस्त्रीचा शर्ट घालतो आणि बिस्किटाला हात लावत नाही. गावाला इस्त्री करता येत नाही. म्हणून मुलीकडचे दोन जाणते लोक न कळवता मुलाच्या गावी जातात, नाक्यावर चहा घेतात, पत्ता चुकल्याचं सोंग करतात आणि तासाभरात त्या घरातल्या तीन पिढ्यांची भांडणं ऐकून परत येतात. माझी चौकशी झाली तेव्हा आमच्या गावच्या चहावाल्याने सांगितलं होतं, "पोरगा चांगला आहे, पण वाद घालतो." बायको हे वाक्य अजूनही आठवड्यातून एकदा वापरते.

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी शिकायला म्हणून जर्मनीला गेलेल्या आमच्या एकुलत्या मुलीने फोन करून सांगितलं, की तिथलाच एक मुलगा आहे आणि लग्न करायचं आहे, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "गाव कुठलं?"

"बाबा, गाव खूप छोटं आहे," ती म्हणाली. "नाव सांगितलं तरी तुम्हाला उच्चारता यायचं नाही. स्टेशन नाही. बस दिवसातून दोनदा येते. रविवारी येत नाही."

"मग रविवारी लोक काय करतात?"

"घरी बसतात, बाबा."

मुलाची आई वारलेली होती. वडील गावात एकटेच राहत होते, म्हणून लग्नानंतर दोघं तिथेच, त्यांच्याजवळ राहणार होते. मुलीची नोकरी जवळच्या शहरात, मोटारीने अर्धा तास. तिथल्या रजिस्टर ऑफिसची तारीख मिळाली होती फेब्रुवारीच्या शेवटची आणि आमच्या व्हिसाची मुलाखत होती एप्रिलात. म्हणजे सही होणार आमच्या पाठीमागे. मे महिन्यात आम्ही तिकडे जायचं आणि डिसेंबरात सगळ्यांनी इकडे येऊन बदलापूरला रीतसर लग्न लावायचं, असा बेत तिने आखला होता. मग ती म्हणाली, "पण तुम्ही हो म्हणालात तरच मी सही करणार. नाही म्हणालात तर नाही."

हे वाक्य ऐकून एखादा बाप सुखावला असता. मला घामच फुटला. आमची मुलगी शब्द पाळते, ही तिची लहानपणापासूनची खोड आहे. तिने सरळ लग्न उरकून पेढे पाठवले असते तर मला निदान रागावता आलं असतं. आता सगळं माझ्या एका अक्षरावर येऊन अडकलं होतं. मी म्हटलं, "बघतो," आणि फोन बायकोकडे दिला.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात तीसेक वर्षं माल तपासायचं काम केलं. हातात मापायचा व्हर्नियर, समोर ड्रॉइंग, आणि केसभर फरक असला तरी माल परत. तिथे एक जर्मन ग्राइंडिंग मशीन होतं, माझ्या आधी रुजू झालेलं आणि मी निवृत्त झालो तरी न थकलेलं. जर्मन मशीन असेल तर मी डोळे मिटून सही करतो. पण जावई काही मशीन नव्हे, आणि मुलगी परत पाठवायच्या बोलीवर देता येत नाही.

चौथ्या दिवशी आक्का आली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, बारवी धरणाच्या अंगाला एका पाड्यावर दिलेली. भातशेती, चार म्हशी, आणि सत्तरी उलटली तरी आवाज असा की आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला ती आल्याचं गेटच्या बाहेरच कळतं. तिने तांदळाच्या पिठाची पिशवी बायकोच्या हातात दिली, जमिनीवर बसली आणि मला म्हणाली, "पोर देतंस, तं गाव बगलंस का?"

मी म्हटलं, "आक्का, ते गाव जर्मनीत आहे."

"आसंल. कुठं का आसंना. तिथं पानी कुठशी येतं? शेजारी कोन हाय? आन् घराला ओटा हाय का?"

आक्काच्या चौकशीत हे तीनच प्रश्न असतात. तिने आजवर भावकीतल्या पंधरा-वीस मुली याच तीन प्रश्नांवर दिल्या आहेत आणि त्यातली एकही माघारी आलेली नाही, असं तिचं म्हणणं आहे. तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. "ज्या घराला ओटा नाय, त्या घरान पोर द्याची नाय," हा तिचा कायदा. ओटा नाही म्हणजे घरातली माणसं दारात बसत नाहीत. दारात बसत नाहीत म्हणजे कुणाशी बोलत नाहीत. आणि न बोलणाऱ्या घरात सून गेली तर तिने भिंतीशी बोलायचं का, असा तिचा सवाल.

"आमच्या फ्लॅटला तरी ओटा कुठे आहे?" बायकोने विचारलं.

"म्हनून तं सांगते. तुमी रोज दार लावून बसतान," आक्का म्हणाली. मग तिने बाल्कनीच्या कठड्याला बांधलेल्या नायलॉनच्या दोरीकडे बोट दाखवलं. "ही आजून हितंच? पोर गेली, आता डबा कोनाला सोरतंस?"

आमची मुलगी इथे होती तेव्हा ठाण्याला नोकरीला जायची आणि रोज डबा विसरायची. लिफ्ट बंद असायची. मग मी तिसऱ्या मजल्यावरून पिशवीत डबा घालून दोरीने खाली सोडायचो. ती गेल्यावर बायकोने ती दोरी कपडे वाळत घालायला मागितली होती. मी दिली नाही.

आक्काच्या तीन प्रश्नांची उत्तरं शोधायला मी बदलापूरच्या या कात्रपहून कुठे जाणार? पण दैव धावून आलं. मुलाचे वडील, म्हणजे माझे होणारे व्याही, निवृत्त सुतारकामाचे मास्तर होते आणि त्यांनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला होता. कोणी सांगितलं नव्हतं, पैसे मिळणार नव्हते, तरी दहा-बारा वर्षं खपून लिहिला होता. गावातल्या प्रत्येक घराचं, प्रत्येक खुणेच्या दगडाचं एकेक पान. ते सगळं त्यांनी मला ईमेलने पाठवलं. सोबत चार ओळी होत्या: आपण आता नातेवाईक होणार, तेव्हा हे माझं गाव. तुमच्या गावातली महत्त्वाची ठिकाणं आणि तुमचं घर मलाही दाखवा.

मोबाइलवर पुस्तक वाचणं माझ्या डोळ्यांना झेपत नाही. म्हणून पेनड्राइव्हमध्ये भरून मी उल्हासनगरला एका ओळखीच्या छपाईच्या दुकानात गेलो. दुकानदार सिंधी, माझ्याच वयाचा, कारखान्यात असताना आमच्या पावत्या छापायचा. त्याने पानं चाळली.

"भाऊ, ये क्या है? शादी का एल्बम?"

"गाव का इतिहास है. बेटी का ससुराल."

"पूरा गाव का?" त्याने एक पान थांबून बघितलं. त्यावर एका विहिरीचं चित्र होतं. "हमारे दादा लोग जो गाव छोडके आये, उसका एक फोटो भी नहीं है घर में. नाम पता है, बस." मग तो एकदम धंद्यावर आला. "स्पायरल करू की पक्की बाइंडिंग?"

मी म्हटलं स्पायरल. त्याने पक्की केली आणि स्पायरलचेच पैसे घेतले. वर निळं रेक्झिन घातलं.

मग मी रोज जेवण झालं की फोनचा कॅमेरा पानावर धरून वाचायला बसू लागलो. फोन जर्मनचं मराठी करून दाखवतो, पण हात हलला की अक्षरं पळतात. म्हणून पुस्तक पोळपाटावर आणि फोन दोन वाट्यांवर, अशी मांडणी केली. शेजारी वही. त्या वहीत डावीकडे काय पाहिलं ते, उजवीकडे शेरा. सवय जात नाही.

गाव म्हणजे काय, तर आमच्या सोसायटीच्या दोन विंगांत मावतील एवढी माणसं. मधोमध एक झाड. पानं पिंपळासारखी, पण पिंपळ नव्हे. त्याच्या फांद्या इतक्या पसरल्या आहेत की खाली दगडी खांबांचे टेकू दिलेत. पूर्वी गावचे पंच त्याखाली बसून न्याय करत. आक्काला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "मंजे आपला पार." मी वहीत शेरा मारला: ठीक.

पुढे चर्च. त्याचा मनोरा एका बाजूला झुकलेला. पुस्तकात लिहिलं होतं की बांधताना सुताराने ओलं लाकूड वापरलं आणि गावाने पुढची शंभर वर्षं त्याच्या घराण्याला त्याबद्दल टोमणे मारले. मनोरा किती झुकला आहे ते मात्र दिलं नव्हतं. याचा मला त्रास झाला. असल्या गोष्टी मिलिमीटरमध्ये द्यायला हव्यात. आणि मनात थोडं बरंही वाटलं, की आमचं अंबरनाथचं शिवमंदिर हजारेक वर्षं जुनं, नुसते दगडावर दगड, आणि ते कुठे झुकलं नाही. हे मी शेऱ्यात लिहिलं नाही. चौकशीत आपली शेखी मिरवायची नसते.

मग गावाची भट्टी. घरोघरी पाव भाजायला लागले तर आग लागेल, म्हणून सगळ्या गावाला मिळून एकच दगडी भट्टी. पहिला पाव भाजणाऱ्याला भट्टी थंड मिळायची, त्याची लाकडं जास्त जळायची; म्हणून कोणी आधी भाजायचं त्याच्या चिठ्ठ्या टाकत. एकदा चिठ्ठ्यांत लबाडी झाल्याचा संशय आला आणि दोन घरांत जे फाटलं ते अजून फाटलेलंच. आजही ती दोन घरं वेगवेगळ्या शनिवारी पाव भाजतात. व्याह्यांनी हे भांडण दोन पानं भरून लिहिलं होतं, दोन्ही बाजू मांडून. मला फार आवडलं. गावातली भांडणं लिहून ठेवणारा माणूस खोटं बोलणार नाही.

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आपल्याकडे नळाला पाणी कमी यायचं तेव्हा असंच व्हायचं. फक्त कोणी पुस्तक लिहिलं नाही."

आणि शिवेचे दगड. दर काही वर्षांनी अख्खं गाव आपल्या शिवेवरून चालत जातं. पूर्वी प्रत्येक दगडापाशी एका पोराला उभं करून त्याच्या कानाखाली एक वाजवत, म्हणजे तो दगड त्याला जन्मभर लक्षात राहील. आता नुसता कान ओढतात. मी व्हिडिओ कॉलवर मुलाला, म्हणजे होणाऱ्या जावयाला, विचारलं की तुझा कान कुठल्या दगडाला ओढला होता. त्याने लगेच डावा कान धरला आणि नंबर सांगितला. मुलगी शेजारी हसत होती. जावयाचा कान सासऱ्याच्या आधीच कोणीतरी पिळून ठेवलेला आहे, हे कळल्यावर मला तो मुलगा थोडा जवळचा वाटला.

आक्काचा पाण्याचा प्रश्नही सुटला. नळ होताच, शिवाय डोंगरातला झरा. गावात मोठी आग लागून निम्मी घरं गेल्यावर लोकांनी मधोमध तळं खणून ठेवलं, ते आजही आहे. शेजाऱ्यांचाही सुटला. गावात दुकान नाही, पण एका घराच्या कुंपणाला लाकडी कपाट आहे. त्यात अंडी ठेवलेली असतात. डब्यात पैसे टाकायचे, अंडी न्यायची, बघायला कोणी नसतं.

आक्काने हे फोनवर दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "आपल्याकरं कपाट पन नेतीन." आणि मान्य केलं, शेजार चांगला.

राहिला ओटा. पुस्तकात प्रत्येक घराचं पान होतं. कोणी बांधलं, कितीदा जळलं, छप्पर कधी बदललं, गोठा कुठे. शेवटचं घर व्याह्यांचं स्वतःचं. मी चहाचा कप बाजूला ठेवून ते पान उघडलं. पानावर एकच ओळ होती: या घराबद्दल लेखक निःपक्षपाती राहू शकत नाही, म्हणून इथे काही लिहिलेलं नाही.

माल तपासणाऱ्या माणसाला अशा ठिकाणी लगेच वास येतो. बाकी सगळ्या घरांची गळकी छपरंसुद्धा लिहिली आणि स्वतःच्या घराची पाटी कोरी? मी वहीत लाल पेनने प्रश्नचिन्ह काढलं.

फोनच्या नकाशात हल्ली रस्त्यावर उतरून चालता येतं. कॅमेऱ्याची गाडी जगभर फिरवून त्यांनी सगळे रस्ते टिपून ठेवले आहेत. त्या रात्रीच्या जेवणाचीही वाट न बघता मी त्या गावात उतरलो. झाडापाशी गेलो, टेकूचे खांब मोजले, बरोबर निघाले. भट्टी बघितली. अंड्यांचं कपाट बघितलं. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं, एक मांजर सोडून. तळ्याला वळसा घालून शेवटच्या घरासमोर आलो आणि बघतो तर घर नाही. घराच्या जागी नुसता धुरकट चौकोन. दोन्ही बाजूंची कुंपणं स्वच्छ, वरचं आभाळ स्वच्छ, मधलं घर बोळ्याने पुसल्यासारखं.

मी बायकोला हाक मारली. तिने चष्मा लावून बघितलं. "रेंज गेली असेल," ती म्हणाली. रेंज गेली नव्हती. बिल्डिंगच्या खालच्या कॉम्प्युटरवाल्याने खुलासा केला: तिकडे घरमालकाने कंपनीला कळवलं, की माझं घर दाखवू नका, तर ते झाकून टाकतात. म्हणजे व्याह्यांनी स्वतः सांगून घर झाकलं होतं.

आक्काला सांगायची चूक मी केली. "तोंड लपवलंन?" ती ओरडली. "त्या घरान कायतरी हाय. पोर देव नको."

मी मुलीला फोन लावला. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "बाबा, मी आत्ता व्हिडिओवर दाखवते ना घर. कितीही वेळ बघा."

"नको. कळवून गेलं की घर आवरलेलं असतं. ज्याने माल बनवला त्यानेच तो तपासायचा नसतो."

"बाबा, मी माल बनवणारी नाही. मी तुमची मुलगी आहे."

तिने तरी फोटो पाठवला. जानेवारी होता, घरासमोर गुडघाभर बर्फ. दार दिसत होतं, खिडक्या दिसत होत्या, खाली सगळं पांढरं. बर्फाखाली ओटा असू शकत होता आणि नसूही शकत होता. आठवड्याने बर्फ वितळला. तिने दुसरा फोटो पाठवला. दारासमोर फरशी, भिंतीला लागून चार चौकोनी डाग, जिथे कशाचे तरी पाय वर्षानुवर्षं टेकलेले असावेत, आणि बाकी काही नाही. ओटा नव्हता. बसायला काहीही नव्हतं.

"ह्यांनी दारातली बसायची जागा उचलून टाकली आहे," मी बायकोला म्हणालो.

"कुणाला बसवायचं नसेल," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच माझ्या बाजूने लागला. मला ते मुळीच आवडलं नाही. तोवर मी संशय घ्यायचा आणि ती मला वेड्यात काढायची, असं ठरलेलं होतं.

रजिस्टर ऑफिसच्या तारखेला दहा दिवस उरले होते. मुलगी रोज फोन करत होती. कशी आहेस, काय जेवलीस, एवढंच बोलणं व्हायचं. एकदा तिने हळूच विचारलं, "झाली का चौकशी?" मी म्हटलं, "एक घर राहिलंय." तिचा चेहरा पडला. मला स्वतःची चीड आली. एका अक्षराचा होकार द्यायचा आणि मी उंटावरचा शहाणा होऊन बसलो होतो. पण खरं सांगतो, मला भीती वाटत होती. तिथे रविवारी बस येत नाही, शेजाऱ्याची भाषा येत नाही, मी दोरी टाकली तरी पोचत नाही. तिथे माझी मुलगी संध्याकाळी दारात बसणार कुठे?

शेवटी मी व्याह्यांनाच लिहिलं. त्यांना गावाची ठिकाणं कळवायची राहिलीच होती, तेवढं निमित्त. त्यासाठी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं होतं, की कात्रपमधल्या जुन्या महत्त्वाच्या जागा सांगा. उत्तरं आली: जुना टँकर पॉइंट, जिथे आधी गोडाऊन होतं तो नाका, आणि "आपली बिल्डिंग, सर, आता तीच सगळ्यात जुनी." इथे सगळे कुठून कुठून आलेले, कोणाचं गाव खानदेशात, कोणाचं कोकणात. मी शिवमंदिराचे चार फोटो काढले, उल्हास नदी लिहिली, कुळगावची जुनी वस्ती लिहिली, आमच्या बिल्डिंगखाली कुणाचं भाताचं शेत होतं तेही लिहिलं. आणि शेवटी लिहिलं: आमच्याकडे मुलगी देण्याआधी घराच्या दारात बसायची जागा आहे का ते बघतात. तुमच्या दारात ती होती, असं खुणांवरून दिसतं. आता नाही. नकाशात तुम्ही घरही झाकलं आहे. तुम्ही सगळ्या गावाचं लिहिलंत आणि या घराचं नाही. मी मुलीचा बाप आहे, म्हणून विचारतो.

पाठवलं आणि वाटलं, हात दाखवून अवलक्षण केलं. बायकोने वाचून नुसतं "वाद घालतो" एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. लांब होतं. फोन दोन वाट्यांवर ठेवायची गरज नव्हती, तरी सवयीने ठेवला.

त्यांनी लिहिलं होतं: तुमचा प्रश्न बरोबर आहे. इथे तो कोणी विचारला नाही, कारण गावात सगळ्यांना माहीत आहे. ती कॅमेऱ्याची गाडी आमच्याकडे उन्हाळ्यात आली. माझी बायको दारासमोरच्या बाकावर शेंगा मोडत बसली होती. तो बाक मी लग्नाच्या वर्षी केला होता. त्याच हिवाळ्यात ती गेली. पुढे मुलाने मला नकाशा दाखवला. ती बाकावर बसलेली होती, मांडीवर परात होती, पण यंत्राने तिचा चेहरा पुसला होता. ते सगळ्यांचेच पुसतं. मी रोज तिथे जायचो, स्वतःच्याच घरात बसून स्वतःच्याच घरासमोर. एक दिवस मला त्या पुसलेल्या चेहऱ्याचा फार राग आला. मी कंपनीला लिहिलं, माझं घर झाका. त्यांनी झाकलं. मग मला पश्चात्ताप झाला. मी लिहिलं, उघडा. ते म्हणाले, एकदा झाकलेलं उघडता येत नाही. मी बाक कोठारात नेऊन ठेवला. मी आयुष्यभर गावातली एकही खूण पुसली जाऊ दिली नाही, आणि माझ्या घरातली सगळ्यात मोठी खूण स्वतःच्या हाताने पुसली. हे पुस्तकात लिहायचं धाडस झालं नाही. तुम्हाला सांगितलं. आता तुमचं घर दाखवा. तुम्ही देवळाचे चार फोटो पाठवलेत, घर पाठवलं नाही.

मी तो मजकूर बायकोला अर्ध्यापर्यंत वाचून दाखवला. उरलेला तिने वाचला. मग आम्ही आक्काला फोन लावला. तिला सगळं सांगितलं.

"तो बाक," ती म्हणाली, "त्याला म्हनावं, भायेर कार. पोर येतंय." आणि फोन ठेवून दिला. तिची चौकशी संपली होती.

माझं एक काम राहिलं होतं: आमचं घर दाखवायचं. खाली उतरून फोटो काढायचा कंटाळा आला, म्हणून म्हटलं नकाशातूनच पाठवू. आणि तेव्हा लक्षात आलं, की दीड महिना मी त्या गावात रोज फिरलो, तिथल्या मांजराची ओळख झाली, पण आमच्या स्वतःच्या गल्लीत एकदाही उतरलो नव्हतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

कात्रपच्या नाक्यावरून आत वळलो. किराणा, मेडिकल, कोणीतरी स्कूटर आडवी लावलेली. आमचं गेट आलं. गेटात पाठीला बॅग लावलेली एक मुलगी उभी होती, दोन्ही हात वर केलेले, मान वर. तिचा चेहरा पुसलेला होता. तिच्या डोक्यावर, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये, एक पिशवी अधांतरी लटकत होती. पिशवीपासून निळी दोरी वर गेलेली होती आणि तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून बनियनवर एक माणूस कमरेपर्यंत बाहेर वाकला होता. त्याचाही चेहरा पुसलेला होता. तरी बायकोने लांबूनच ओळखलं. "कितीदा सांगितलं, इतकं वाकू नका," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

मी बराच वेळ त्या गेटात उभा राहिलो. मग आधी मुलीला एका अक्षराचा मेसेज पाठवला: हो. आणि व्याह्यांना ते चित्र पाठवून खाली लिहिलं: हे आमचं घर. हे आम्ही झाकणार नाही. ओटा नाही, दोरी आहे. बाक बाहेर काढा. मुलगी रोज डबा विसरते, लक्ष ठेवा.